बिल्ला, बाहुले आणि वेळापत्रक

शाळकरी मुलांची किंवा कुमार गटाची स्पर्धा भरवणाऱ्या एखाद्या मंडळाच्या चिटणिसाला सहज विचारून पाहा, की बुवा, तुमची झोप कशाने उडते? पंचांच्या रुसव्याफुगव्यांनी? मैदानाच्या परवानगीने? अवेळी येणाऱ्या पावसाने? तो म्हणेल, त्या साऱ्यांचे काही ना काही जमून जाते. झोप उडते ती टेलिफोनने! सामन्याच्या आदल्या रात्री नऊ वाजल्यापासून त्याची घंटा जी वाजू लागते, ती मध्यरात्रीपर्यंत थांबत नाही. उद्या आमच्या मुलाचा सामना किती वाजता? मैदान कोणते? जन्मदाखल्याची मूळ प्रत आणायची की झेरॉक्स चालेल? आणि काल अखेर कोण जिंकले? दोनशे आईबाप, आणि प्रश्न मात्र हे चारच.

वास्तविक या चारही प्रश्नांची उत्तरे मंडळाच्या वेबसाइटवर असायला हवीत. त्यासाठीच तर ती काढलेली असते. पण आपण ती उघडली, की पहिल्या पानावर प्रमुख पाहुण्यांची हसरी तसबीर दिसते. तिच्याखाली अध्यक्षांचे मनोगत, मग देणगीदारांच्या जाहिराती, मग गेल्या वर्षीच्या बक्षीस समारंभाची हलती चित्रे. वेळापत्रक कुठे आहे म्हणून शोधावे, तर कोपऱ्यात बारीक अक्षरात एक दुवा असतो आणि तो दाबला की वर्तमानपत्राच्या पानाएवढा आडवा तक्ता उघडतो. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर तो वाचण्यापेक्षा चिटणिसाला फोन करणे सोपे वाटले, तर त्यात त्या माउलीचा काय दोष?

मग मंडळाची बैठक भरते आणि ठराव होतो, की वेबसाइट नव्याने करावी आणि त्याचबरोबर स्पर्धेचे 'ब्रँडिंग'ही करून घ्यावे. हा शब्द अलीकडे फारच बोकाळला आहे. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ गुराच्या कातडीवर तापलेल्या लोखंडाने डाग देणे एवढाच होता. कोणाचे जनावर ते दुरून ओळखू यावे, हा त्यातला हेतू. आपल्याकडे हेच काम बिल्ला, निशाण, ढाल यांनी वर्षानुवर्षे केले आहे. तेव्हा शब्द नवा असला तरी गोष्ट जुनीच आहे, आणि ती नीट कशी होते याचे दाखले शोधायला महाराष्ट्राबाहेर फारसे जावे लागत नाही.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमधली हॅरिस शील्ड घ्या. १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिस यांचे नाव तिला मिळाले, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ उलटून गेला तरी ते कोणी बदललेले नाही. साहेब गेले, राज्य गेले, बॉम्बेची मुंबई झाली, पण सोळा वर्षांखालच्या मुलांची 'हॅरिस' ती हॅरिसच राहिली. तिची धाकटी बहीण जाइल्स शील्ड. दादर-माटुंग्याकडच्या घरात मुलगा 'जाइल्स खेळतो' एवढे म्हटले, की पुढे काही सांगावे लागत नाही. या नावांना कोणी बाहुले शिवले नव्हते की गाणे बांधले नव्हते. मग त्यांना हे वजन आले कुठून?

ते आले धावफलकाच्या वहीतून. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर शारदाश्रम विद्यामंदिर आणि सेंट झेवियर्स यांच्यात हॅरिस शील्डचा उपान्त्य सामना झाला. त्यात विनोद कांबळीने नाबाद ३४९ आणि सचिन तेंडुलकरने नाबाद ३२६ धावा केल्या. दोघांची न तुटलेली भागीदारी ६६४ धावांची! तेव्हा इंटरनेटवरच्या संकेतस्थळाची कल्पनाही जन्माला आली नव्हती; टिम बर्नर्स-ली यांनी जगातले पहिले संकेतस्थळ सुरू केले ते १९९१ साली. तरीही हा आकडा आज घराघरांत ठाऊक आहे. कारण गुणलेखकाने प्रत्येक चेंडू वहीत टिपला होता आणि शाळकरी मुलांचे धावफलक छापण्याची मुंबईच्या वर्तमानपत्रांना जुनी खोड होती. पुढे २०१३ च्या नोव्हेंबरात त्याच स्पर्धेत पृथ्वी शॉने ५४६ धावा काढल्या आणि लोकांनी लगेच मागचे आकडे काढून तुलना सुरू केली. मागचे आकडे हाताशी होते, म्हणूनच तुलना शक्य झाली.

कल्याणचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०१६ च्या जानेवारीत भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा हा मुलगा. पहिल्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा तो ६५२ वर होता, म्हणजे इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्सने १८९९ साली केलेल्या ६२८ धावांचा विक्रम त्याने केव्हाच मागे टाकला होता. ही बातमी त्या रात्रीतच जगभर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाभोवती कॅमेरे उभे राहिले. त्याआधी कल्याण-ठाण्यापलीकडे भंडारी चषकाचे नाव कितीजणांनी ऐकले असेल? एका मुलाच्या बॅटीने त्या स्पर्धेचे जे नाव केले, ते कोणत्याही जाहिरात कंपनीच्या आवाक्यातले नव्हते. मंडळाच्या हातात एकच काम होते आणि ते चोख झाले. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार असा हिशेब लिहिलेला होता, म्हणून १००९ हा आकडा जगाने मानला.

यावरून कोणी म्हणेल, की मग नाव, चिन्ह, रंग यांचा हा खटाटोप व्यर्थच म्हणायचा! तसे मात्र नाही. नाव बदलल्याने गोष्ट बदलते, निदान लोकांच्या मनातली तरी, आणि याचा उत्तम दाखला पुण्यात घडला.

२०१८ च्या जानेवारीअखेर दिल्लीत 'खेलो इंडिया शालेय क्रीडा स्पर्धा' पहिल्यांदा भरल्या. सतरा वर्षांखालील मुलामुलींसाठी त्या होत्या. हरयाणाने ३८ सुवर्णपदके घेऊन पहिला क्रमांक पटकावला. महाराष्ट्राची एकूण पदके जास्त, १११, पण सुवर्ण ३६ म्हणून आपण दुसरे. पुढच्या वर्षी, ९ ते २० जानेवारी २०१९ या काळात, ही स्पर्धा पुण्यात बालेवाडीला आली आणि येताना तिने नाव बदलले. 'शालेय' हा शब्द गळला आणि त्या जागी 'युवा' आला. सतराबरोबर एकवीस वर्षांखालचा गटही घेतला गेला होता. म्हणजे कॉलेजातली पोरे, नोकरीच्या शोधात असलेली पोरे आणि शाळा कधीच सुटलेली पोरेही त्यात आली. त्यांना 'शालेय' म्हणणे म्हणजे मिसरूड फुटलेल्या मुलाला चड्डी घालण्यासारखेच झाले असते! येथे नाव बदलले ते खेळणारे बदलले म्हणून. आधी वस्तू बदलली आणि मग तिची पाटी, हा क्रम महत्त्वाचा. बहुतेक मंडळे नेमके याच्या उलट करतात.

त्या पुण्याच्या खेपेला प्रचाराचे जे सूत्र घेतले होते ते मला फार आवडले. 'पाच मिनिट और!' एवढेच. संध्याकाळी दिवेलागणीला आई गॅलरीतून हाक मारते आणि खाली खेळणारे पोर ओरडते, "आई, अजून पाच मिनिटं!" हिंदुस्थानातल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही चाळीत वा वाडीत हे वाक्य ऐकू येते. त्यात देशाची प्रतिष्ठा नाही, उज्ज्वल भवितव्य नाही, ज्योत नाही. आहे तो खेळणाऱ्या पोराचा खरा हट्ट. महाराष्ट्राच्या मुलांनी त्या वर्षी ८५ सुवर्णांसह २२८ पदके मिळवली आणि हरयाणाला मागे टाकले, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

बालेवाडीचे ते क्रीडासंकुल मुळात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले. २००८ साली तेथेच राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. त्यांचे बाहुले होते 'जिगर' नावाचा वाघाचा बच्चा. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी 'शेरा' वाघ ठरलेला होता, त्याचा हा धाकटा भाऊ. युवा स्पर्धेला धाकटा भाऊ शोभलाही. पण आज पुण्यातल्या किती मुलांना जिगर आठवतो? याउलट १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतला 'अप्पू' हत्ती चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या सर्वांना आठवतो. तेव्हा घराघरांत नवा दूरदर्शन आला होता आणि पडद्यावर दुसरे काही नव्हते. शिवाय दिल्लीत त्याच्या नावाची 'अप्पू घर' ही बागही १९८४ पासून २००८ पर्यंत होती. बाहुले टिकते ते चित्रकाराच्या कसबाने जेवढे, तेवढेच पोरांच्या वाट्याला ते किती दिवस येते यावर.

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. सहा शहरांत सामने होते, त्यांत नवी मुंबई आणि गोव्यातले मडगाव ही दोन आपल्या बाजूची. त्या स्पर्धेच्या चिन्हात हिंदी महासागर, वडाचे झाड, पतंग आणि अशोकचक्रावरून सुचलेली तारका, एवढ्या गोष्टी गुंफल्या होत्या. बाहुले होते 'खेलेओ' नावाचा लामचित्ता, हिमालयाच्या पायथ्यापासून आग्नेय आशियापर्यंत सापडणारे आणि नामशेष होण्याच्या वाटेवरचे जनावर. या निमित्ताने महाराष्ट्र सरकारने १५ सप्टेंबर २०१७ रोजी दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. शाळाशाळांतून चेंडू वाटले गेले. मला विचाराल तर त्या संपूर्ण जाहिरातीतला सर्वांत खरा भाग हा चेंडूच. स्पर्धेचे तेरा लाखांवर प्रेक्षक मोजले गेले. त्या वयोगटाच्या विश्वचषकांतला तो तोवरचा उच्चांक होता.

चिन्हाचे रुखवत

वडाचे झाड, समुद्र, पतंग आणि तारका एका चिन्हात बसवायला फिफाकडे कसलेले चित्रकार असतात. आपल्या तालुक्याच्या मंडळाकडे ते नसतात, हौस मात्र तेवढीच असते. कार्यकारिणीत अकरा सभासद असले, की चिन्हात अकरा वस्तू येतात. एकाला चेंडू हवा, दुसऱ्याला धावणारा मुलगा, तिसऱ्याला मशाल. कोणाला उगवता सूर्य, कोणाला किल्ल्याचा बुरूज, आणि खजिनदारांना संस्थापकांचा मुखवटा. ते चिन्ह राहत नाही, त्याचे रुखवत होते! मग ते टोपीवर भरतकामात उमटत नाही, खाकी पाकिटावर शिक्का मारला तर शाईचा गोळा होतो, आणि फोनच्या पडद्यावर नखाएवढे झाले की माशी बसल्यासारखे दिसते.

जुन्या काळचे पेंटर एक साधी कसोटी लावत. काळ्या रंगात, एकाच ब्रशाने, दहा फुटांवरून ओळखू येईल असे काढता येते का? ही कसोटी आजही तितकीच खरी आहे. अंगरख्याच्या खिशापासून संगणकाच्या कोपऱ्यातल्या टिंबापर्यंत चालेल असे चिन्ह बहुधा एका वस्तूचे असते, फार तर दोन.

मोठ्यांचीही यात फजिती होते, हे वाचून आपल्या चिटणिसांना थोडा दिलासा मिळेल. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकचे चिन्ह २००७ साली जाहीर झाले. वुल्फ ऑलिन्स या कंपनीने ते केले आणि त्याला चार लाख पौंड लागले. लोकांनी त्याची एवढी टवाळी केली, की ते रद्द करा म्हणून हजारो सह्यांचे अर्ज झाले. त्याच्या जाहिरातीच्या लुकलुकणाऱ्या चित्रफितीने काहींना अपस्माराचा त्रास झाल्याच्या तक्रारी आल्या आणि ती मागे घ्यावी लागली. टोकियोचे तर आणखी विपरीत झाले. २०१५ च्या जुलैत चिन्ह जाहीर केले. बेल्जियममधल्या एका नाट्यगृहाच्या चिन्हाशी ते मिळतेजुळते आहे, असा आरोप झाला. आणि सप्टेंबरच्या पहिल्याच तारखेला ते रद्द करावे लागले. मग नवी स्पर्धा लावून आसाओ तोकोलो यांनी केलेले निळ्या चौकटींचे चिन्ह निवडले. तेव्हा गावातल्या मुलाने इंटरनेटवरून उचललेले चित्र 'आमच्या मंडळाचे बोधचिन्ह' म्हणून छापण्याआधी दोनदा पाहिलेले बरे.

पालीहून चर्चगेट

आता वेबसाइटकडे वळू, कारण खरी गाठ तिथेच आहे. ती बरी की वाईट हे ठरवायला मी एक मोजमाप सुचवतो.

भाईंदर स्टेशनला पश्चिमेकडे उतरून उत्तनची बस धरली, की मुर्धे, राई, मोर्वे, डोंगरी मागे टाकत आपण समुद्रकाठी पोहोचतो. उत्तनच्या कुशीतच पाली आणि चौक ही कोळ्यांची गावे. कारभाराने हा सारा भाग मीरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडतो, पण बांबूच्या वलांडीवर वाळणारे बोंबील आणि बंदरात ओढून ठेवलेल्या होड्या पाहिल्या, की उंच इमारतींचे भाईंदर कुठल्या कुठे राहते. कल्पना करा, की या पालीतली एक मुलगी शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते. तिची आई पहाटे बंदरावर जाते आणि दुपारपर्यंत मासे विकते. सामना दक्षिण मुंबईतल्या मैदानावर आहे. म्हणजे आधी उत्तनहून बस, मग भाईंदरहून चर्चगेटपर्यंत सुमारे ४३ किलोमीटर लोकल. सकाळी आठचा सामना असेल तर घरून निघायचे अंधारात, आणि आईने त्या दिवशीच्या विक्रीची सोय लावायची आदल्या संध्याकाळी.

या माउलीच्या हातात एक बेताचा फोन आहे. तिला आपली वेबसाइट उघडून, एका हाताने, कोणालाही न विचारता, आपल्या मुलीचा सामना कधी आणि कुठे हे किती वेळात कळते? आणि पाऊस झाल्यामुळे रात्री दहा वाजता मैदान बदलले, तर ते तिला घर सोडण्यापूर्वी कळते का? मंडळाने ही एवढीच परीक्षा द्यावी. यात नापास झालेली वेबसाइट कितीही देखणी असली, तरी त्या मुलीचा एक दिवस आणि त्या घरातली एका दिवसाची कमाई ती वाया घालवू शकते.

या परीक्षेत पास व्हायचे तर काही गोष्टी आपोआपच ठरतात. पहिल्या पानावर पाहुणे नाहीत, आजचे आणि उद्याचे सामने. शाळेचे नाव टाकले की त्या शाळेचेच सामने दिसावेत. वेळापत्रक कागदाचा फोटो म्हणून न चिकटवता साध्या अक्षरांत लिहिलेले असावे, म्हणजे ते गाडीत, अर्ध्यामुर्ध्या नेटवर्कवरही उघडेल आणि अंध पालकांच्या फोनला वाचूनही दाखवता येईल. बदल झालेला सामना ठळक दिसावा आणि बदल केव्हा केला ती वेळ शेजारी असावी. फिक्या पिवळ्यावर पांढरी अक्षरे नकोत. उन्हात मैदानावर उभे राहून ती दिसत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात निदान साडेचारास एक एवढा फरक असावा, असा वेबसाइट बांधणाऱ्यांचा जगन्मान्य दंडकच आहे. मंडळाच्या लाडक्या दोन रंगांपैकी एखादा त्यात बसत नसेल, तर तो टोपीला ठेवावा.

आणि हे सारे मराठीत असावे. यात अभिमानाचा प्रश्न दुय्यम आहे, मुख्य प्रश्न सोयीचा. मराठी अक्षरांची अडचण आता उरलेली नाही. एके काळी एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर कोयता-कुदळीसारखे दिसे. युनिकोड आले आणि तो गोंधळ मिटला. विंडोजमधले 'मंगल' हे देवनागरी अक्षर ज्यांनी घडवले ते र. कृ. जोशी आपल्या मुंबईतलेच. मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींनी केलेली 'मुक्त' आणि 'बलू' ही अक्षरे कोणालाही फुकट वापरता येतात. फक्त एक बारीक गोष्ट सांगून ठेवावी लागते. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत, आणि पान मराठी आहे असे संगणकाला सांगितले नाही, तर अनेकदा तो हिंदी वळणाची अक्षरे दाखवतो. साठ वर्षांच्या आजोबांच्या नजरेला ती तत्काळ खुपतात, का ते सांगता आले नाही तरी!

याहून मोठी भानगड नावांची आहे. परदेशी नमुन्यावर बेतलेल्या अर्जात पहिले नाव आणि आडनाव अशा दोनच रकाने असतात. आपल्या मुलाने वडिलांचे नाव घालायचे कुठे? मग कोणी ते पहिल्या रकान्यात कोंबतो, कोणी आडनावाच्या जागी लिहितो आणि प्रमाणपत्रावर मुलाचे आडनावच नाहीसे होते. पाली-उत्तन-वसईच्या पट्ट्यात तर आणखी एक पेच. एकच आडनाव शाळेच्या दाखल्यावर 'घोन्साल्विस', दुसऱ्या कागदावर 'गोन्साल्विस', आणि इंग्रजी आधारकार्डावर त्याचे तिसरेच काहीतरी. डिसोझांचीही तीच कथा. अर्ज घेतानाच दाखल्यावर जसे आहे तसे नाव मराठीत आणि इंग्रजीत विचारावे, आणि छापण्यापूर्वी पालकांना एकदा दाखवावे. इतके केले तर पुढचे हेलपाटे वाचतात.

हेलपाटे म्हणजे काय ते ज्या घरात खेळाडू आहे त्यांना सांगायला नको. आपल्या राज्यात मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीबद्दल दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव गुण मिळतात, आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. तेव्हा तो जाड कागद केवळ भिंतीवर लावायची शोभा नव्हे. त्यावर कोणाची अकरावी अवलंबून असते, कोणाची नोकरी. आणि म्हणूनच त्याची नक्कलही होते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली आहेत. त्यांचा फटका बसतो तो घाम गाळून खरे प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला. त्याच्याकडेही संशयाने पाहिले जाते, आणि दहा वर्षांपूर्वीच्या स्पर्धेची यादी आणा म्हणून त्याला कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

येथे वेबसाइटने खरा पुरुषार्थ दाखवावा. प्रत्येक प्रमाणपत्राला क्रमांक द्यावा, त्यावर ठिपक्यांचा चौकोन छापावा, आणि तो फोनने टिपला की मंडळाच्या पानावर स्पर्धा, वर्ष, गट आणि निकाल दिसावा. खोटे प्रमाणपत्र करणाऱ्याला शिक्का बनवता येतो, पण मंडळाच्या पानावरची नोंद करता येत नाही. यासाठी लागणारी कारागिरी अवघड नाही. अवघड आहे ती चिकाटी, म्हणजे दरवर्षीचे निकाल त्याच जागी आणि त्याच पत्त्यावर ठेवण्याची. नवी वेबसाइट बांधताना बहुतेक ठिकाणी जुनी सरळ पुसून टाकतात. नवा रंग येतो, नवे चिन्ह येते, आणि मागच्या सहा वर्षांच्या मुलांच्या धावा, गोल आणि सेकंद एका रात्रीत नाहीसे होतात. हॅरिस शील्डची वही कोणी अशी रद्दीत घातली असती तर?

मात्र सारेच मांडून ठेवायचे असाही अर्थ नव्हे. मुलाचे नाव, शाळा, गट आणि निकाल एवढे पुरे. जन्मतारीख, घरचा पत्ता, आधारचा क्रमांक, आईचा फोन यांना त्या पानावर काही काम नाही. वयाची शहानिशा करायला मंडळाला दाखला पाहावा लागतो हे मान्य. वय चोरण्याची विद्या आपल्याकडे प्रगत आहे, आणि फिफासुद्धा २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाच्या हाडाची एमआरआय तपासणी करते. पण पाहिलेला दाखला फोनवरच्या गटात फिरवायचा नसतो. २०२३ साली झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची खात्रीची संमती आवश्यक ठरवली आहे. मुलांना उद्देशून त्यांच्या पाळतीवर बेतलेल्या जाहिराती दाखवायलाही त्या कायद्याने मनाई केली आहे. शीतपेयवाल्या देणगीदाराला हे आधीच सांगून ठेवावे. विशेषतः मुलींचे फोटो, नाव आणि रोजची सरावाची वेळ हे तीन एकत्र छापू नयेत, ही साधी घरगुती समज आहे. तिच्यासाठी कायद्याचीही गरज पडू नये.

खर्चाचे म्हणाल तर तो वाटतो तेवढा नाही. अक्षरे फुकट, नकाशा फुकट, वेळापत्रकाची साधी पाने बांधायला कॉलेजातली दोन हुशार मुले पुरतात आणि त्यांना ते आवडतेही. पण नेमकी तेथेच मेख आहे. वेबसाइट बांधणारा मुलगा शेवटच्या वर्षाला असतो. जूनमध्ये त्याला बंगळुरूला नोकरी लागते. पत्त्याची वार्षिक वर्गणी त्याच्याच ईमेलवर मागितली जाते, परवलीचा शब्द त्यालाच ठाऊक असतो, आणि पुढल्या मोसमात अर्ज भरायला गेलेल्या पालकांना तेथे कोणा परक्या जुगारवाल्याचे पान दिसते. मुदत संपलेले पत्ते विकत घेऊन असे उद्योग करणारे लोक जगात पुष्कळ आहेत.

म्हणून बैठकीत चिन्हाचा निळा गडद असावा की फिका यावर तासभर वाद झाला, की शेवटची पाच मिनिटे या कामाला ठेवावीत. पत्ता मंडळाच्या नावावर घ्यावा, एखाद्या सभासदाच्या नव्हे. वर्गणी एकदम पाच-दहा वर्षांची भरावी. परवलीचे शब्द पाकिटात घालून, लाख लावून, चिटणीस आणि खजिनदार अशा दोघांच्या सहीने मंडळाच्या कपाटात ठेवावेत, आणि पाकीट कुठे आहे ते इतिवृत्ताच्या वहीत लिहावे.